खोडून मिळालेली वही

त्या घरात अंडी किती उकडायची हे घड्याळावर नाही, प्रार्थनेवर ठरायचं. आईनं प्रार्थना सांगितली की अंडी मऊ राहायची, पप्पांनी सांगितली की दगड. कारण पप्पा एकेका मुलाचं नाव घेऊन त्याला देवापुढे उभं करायचे आणि मुलं होती सात. त्या सकाळी पाळी पप्पांची होती. ते चौथ्या मुलापर्यंत, म्हणजे मधलीपर्यंत, पोचले होते. "प्रभू, आमच्या या लेकराला शहाणपण दे," एवढं म्हणून झालं होतं आणि दार वाजलं.

तीनदा. सावकाश, सारख्या अंतरानं.

मधलीनं डोळे मिटलेलेच ठेवले. दूधवाला दार वाजवत नाही, हाक मारतो. शेजारच्या आजी दार ढकलून सरळ आतच येतात. शिवणयंत्र दुरुस्तीला आणणारं गिऱ्हाईक आधी यंत्र पायरीवर धाडकन ठेवतं, मग पप्पांना साद घालतं. गेले नऊ दिवस तिनं या दारावरचे सगळे आवाज ओळखून ठेवले होते. हा त्यातला नव्हता.

देवाशी बोलताना मध्येच उठणं पप्पांना पटत नसे. पण उरलेली तीन मुलं त्यांनी एका दमात देवाच्या हवाली केली, सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं आणि आई पदराला हात पुसत दाराकडे गेली. पप्पांच्या पाळीला अंडी मऊ निघाली ती त्या एकाच दिवशी.

दारात राखाडी कपड्यातली एक बाई उभी होती. खांद्याला पिशवी, हातात जाड पुठ्ठ्याची फाईल, आणि दोन पायऱ्या चढल्यामुळे लागलेली धाप.

"शिक्षण कार्यालयातून आलेय," ती म्हणाली. "पत्र मिळालं असेल."

पत्र मिळालं होतं. नऊ दिवसांपूर्वी आईनं ते जेवणाच्या टेबलाशी सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. घरी शिकणाऱ्या मुलांची तपासणी होणार, पंधरा दिवसांत केव्हाही. घरातलं एकही मूल वयाच्या मानानं मागे आढळलं, तर घरी शिकवण्याची परवानगी रद्द होणार आणि सगळ्या मुलांनी पुढच्या सत्रापासून शाळेत जायचं. एकानं नाही, सगळ्यांनी.

"यात घाबरण्यासारखं काय आहे?" पत्राची घडी घालत आई म्हणाली होती. "तुम्हाला सगळं येतंच की."

ते 'येतंच की' मधलीच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं, ते आजवर निघालं नव्हतं.

मधली अकरा वर्षांची. वर ताई, दादा आणि छोटी ताई, खाली सात वर्षांचे जुळे भाऊ आणि तीन वर्षांचं शेंडेफळ. बरोबर मध्ये ही, म्हणून मधली. लग्नाआधी आई रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवायची. आपल्या मुलांना आपणच शिकवायचं, हे तिनं आणि पप्पांनी ताईच्या जन्माआधीच ठरवलेलं. नातेवाईक हसले, पाळकसाहेबांनीसुद्धा 'विचार करा बरं का' म्हणून पाहिलं. आई मात्र हटली नाही. सकाळी प्रार्थना, नाश्ता, मग टेबल पुसून त्याच टेबलावर शाळा. समोरच्या खोलीत पप्पांची यंत्रं खडखडायची, आत पाढे चालायचे. दुपारच्या स्वयंपाकाला तराजू घेऊन बसलं की वजनमापं व्हायची. मोठ्यानं धाकट्याला शिकवायचं, आईनं सगळ्यांवर डोळा ठेवायचा. खोटं कशाला बोला, मुलं शिकलीही चांगली. ताई बाहेरून परीक्षेला बसून पहिल्या श्रेणीत आली होती.

या सगळ्यात जुळ्यांपैकी एक होता गप्प्या. घरात तो पोपटासारखा बोलायचा, पण घराबाहेरचं माणूस आलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. चर्चमध्ये रविवारी कुणी गालाला हात लावला तरी पप्पांच्या कोटात शिरायचा. पत्र आल्यापासून रोज झोपताना तो मधलीला विचारायचा, "मधले, शाळेत बोलावंच लागतं का?"

"आपण कुठे जातोय शाळेत?" मधली म्हणायची. मग किती तरी वेळ छताकडे बघत पडायची.

कारण मधलीला गणित येत नव्हतं. आणि हे तिच्याखेरीज जगात कुणालाही माहीत नव्हतं.

ते असं झालं होतं. ताई सहा वर्षांची असताना पप्पांनी गणिताच्या छापील वह्यांचा संच आणला. प्रत्येक इयत्तेच्या चार वह्या, पानावर उदाहरणं छापलेली, खाली उत्तराला जागा. आईचा नियम एकच : शिसपेन्सिलीनं लिहायचं. वही पुरी झाली की एक 'खोडायचा शनिवार' यायचा. सगळे टेबलाभोवती बसायचे, वहीची पानं सुटी करून वाटली जायची आणि ज्याला जमेल त्यानं खोडरबर घेऊन भिडायचं. बिस्किटांचा डबा निघायचा, दादा खोडरबराच्या कचऱ्याचा किडा करून कुणाच्या तरी कॉलरमध्ये सोडायचा. मग आई जाड दोऱ्यानं पानं पुन्हा शिवायची आणि वही खालच्या नंबराला मिळायची. कपडे मिळायचे तशीच. कपड्यांचा रंग उतरलेला असायचा, वहीचा कागद दमलेला असायचा, एवढंच.

ताईची वही दादाला, दादाची छोटी ताईला, छोटी ताईची मधलीला.

शेंडेफळ झालं तेव्हा मधली आठ वर्षांची होती. बाळ दिवसांआधी आलं, आईनं पाच आठवडे अंथरूण धरलं आणि घराची शाळा ज्याची त्यानं चालवायची ठरली. छोटी ताई मधलीला शिकवायला बसायची, पण तिला स्वतःलाच अकरावं सरलेलं नव्हतं. "अगं इतकं सोपं आहे!" म्हणायची आणि बाळाच्या रडण्याबरोबर उठून जायची. अशाच एका दुपारी मधली भागाकाराच्या पानापुढे एकटीच बसली होती. पेन्सिल नुसतीच कागदावर फिरवत होती, आणि पेन्सिल एकदम घसरली. कशात तरी पडली आणि आपोआप वळली. तिनं थांबून बघितलं तर कागदावर तीन आला होता.

तिनं बोटाचं टोक फिरवलं. कागदावर चर होते. खोडरबरानं काळं गेलं होतं, दाब गेला नव्हता. तिघांची पेन्सिल एकाच जागेवरून गेल्यानं आकड्यांच्या चाकोऱ्या पडल्या होत्या आणि तिची पेन्सिल त्यांतून उतारावरच्या गाडीसारखी चालत होती.

संध्याकाळी आईनं पडल्या पडल्या वही पाहिली. सगळं बरोबर. "माझी शहाणी ती!" म्हणून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पाच आठवड्यांत आईनं तिला जवळ घेतलं ते पहिल्यांदा.

तिथून तीन वर्षं. मधलीला आता कागद वाचायची गरजच उरली नव्हती, हातानं कळायचं. छोटी ताईचा हात जड, तिची चाकोरी सगळ्यात खोल. दादाची उथळ आणि घाईची. एखाद्या ठिकाणी दोन वेगवेगळे आकडे लागले तर एक दादाचा, चुकलेला, हे ठरलेलं. अठराव्या पानाच्या कोपऱ्यात दादानं मांजर काढलं होतं. अंधारात पाऊल टाकावं तशी तिची पेन्सिल त्यातही शिरली आणि मांजर पुरं करूनच बाहेर आली. "हे काय गं?" आईनं विचारलं. "मांजर," मधली म्हणाली. तेवढं एक खरं बोलली.

हे खोटं बोलण्यात मोडतं की चोरीत, ते तिला ठरवता येत नव्हतं. म्हणून रात्रीच्या प्रार्थनेत ती नाव न घेता म्हणायची, "आणि माझं ते माफ कर." देवाला कळत असेलच. आईला सांगायचं बऱ्याचदा ठरवलं. पण आईच्या कडेवर एक, पदराला एक, आणि स्वयंपाकघरातून तिसऱ्याची हाक. सांगायला आईची पाच मिनिटं अख्खी लागली असती, आणि त्या घरात अख्खी पाच मिनिटं कुणाच्याच वाट्याला येत नव्हती.

तर आता ती राखाडी बाई टेबलाशी बसली होती. अंड्यांची टरफलं आईनं घाईनं गोळा केली. बाईंनी पिशवीतून छापील प्रश्नांचे कागद काढले, वयाप्रमाणे वेगवेगळे. आणि उत्तरांसाठी एक कोरा पॅड.

पांढराशुभ्र. मधलीनं इतका कोरा कागद जवळून पाहिलाच नव्हता.

"एकेक मूल येऊ दे. बाकीच्यांनी बाहेरच्या खोलीत थांबा," बाई म्हणाल्या. "आणि आई, तुम्ही स्वयंपाकघरात. दार लावून."

"मी काही सांगणार नाही त्यांना," आई जरा दुखावून म्हणाली.

"तुम्ही नाही सांगणार हो. पण मुलं तुमच्या तोंडाकडे बघतात. सगळ्याच घरांत बघतात."

ताई गेली आणि हसत आली. दादा गेला, येऊन म्हणाला, "काही नाही गं, बाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्या रागावल्यासारख्या दिसतात." छोटी ताई गेली. बंद दाराआडून तिच्या पेन्सिलीचा करकर आवाज येत राहिला. पप्पा यंत्राचा पट्टा बसवायचं सोडून नुसता हातात धरून बसले होते. गप्प्यानं मधलीच्या फ्रॉकची कड मुठीत पकडली होती आणि ती मूठ घामानं ओली झाली होती.

"तुला येतं ना सगळं?" तो कुजबुजला.

"सोड, फ्रॉक चुरगळतोय," मधली म्हणाली.

तिच्या डोळ्यांपुढे शाळेचं फाटक आलं. कधी पाहिलेलं नव्हतं, म्हणून फारच मोठं आलं. फाटकात गप्प्या, त्याच्याभोवती पन्नास मुलं, आणि सगळी विचारतायत, तुझं नाव काय? तुझं नाव काय?

दार उघडलं. "पुढचं कोण?"

मधली उठली. ती खुर्चीत बसली. खुर्ची छोटी ताईच्या अंगानं अजून गरम होती. बाईंनी पॅडवरचा लिहिलेला कागद फाडून फाईलीत ठेवला, तोच पॅड तिच्यापुढे सरकवला आणि छापील प्रश्न शेजारी मांडले.

"सहा उदाहरणं आहेत. घाई नाही. जमेल तेवढं कर." आणि त्या चष्मा लावून ताईचा कागद तपासू लागल्या.

मधलीनं पहिलं उदाहरण वाचलं. एका पेटीत १४४ रिळं आहेत, ती सहा मुलींत सारखी वाटायची. पुढचं वाचवेना. अक्षरं मुंग्यांसारखी इकडेतिकडे पळायला लागली. तिनं मनात म्हटलं, प्रभू, फक्त आजच्या दिवस. गप्प्यासाठी. आणि सवयीनं कोऱ्या कागदावरून बोट फिरवलं.

चर होते.

ती दचकली. पुन्हा फिरवलं. होते! बारीक, पण नक्की. जड हाताचे, ओळखीचे. ऐकलं त्यानं, तिला वाटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पेन्सिल टेकवली आणि पेन्सिल चालायला लागली. एक, दोन, टिंब, पाच. ओळीमागून ओळ, न थांबता, न खोडता. तिनं पुन्हा प्रश्नांच्या कागदाकडे पाहिलंच नाही. तीन वर्षांत कधी पाहायला लागलं होतं?

"झालं?" बाईंनी आश्चर्यानं विचारलं. "छान." त्यांनी कागद घेतला, वाचला, चष्मा वर केला, पुन्हा वाचला.

"बाळ, दर मुलीला किती रिळं मिळाली?"

मधलीनं कागदाकडे पाहिलं. तिच्या अक्षरात तिथे लिहिलं होतं, १२.५ टक्के.

"साडेबारा टक्के रिळं," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. फाईल उघडून त्यांनी छोटी ताईचा कागद काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. तीच उत्तरं, त्याच क्रमानं, त्याच जागी. चौथ्या ओळीत छोटी ताईनं एक आकडा गिरवून मोठा केला होता, तो इथेही मोठा होता.

आता सगळं संपलं. ती, ताई, गप्प्या, आईचं टेबल, सगळं.

"तू तर बाहेर होतीस," बाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. मग त्यांनी पॅड उजेडाकडे तिरपा धरला, मधलीच्या हातातली पेन्सिल घेतली आणि आडवी करून पॅडच्या वरच्या कागदावर हलकेच घासली. करड्या रंगातून पांढरे आकडे वर आले.

"हे तुला आज सुचलं?"

मधलीनं मान हलवली. नाही.

"कधीपासून?"

"बाळ झालं तेव्हापासून," ती म्हणाली, आणि मग तिला हुंदका आवरेना. "मला शाळेत घाला. मला एकटीला घाला. पण त्याला नको. तो बोलत नाही बाहेर."

बाईंनी आईला हाक मारली. आई आली, तिच्यामागे पप्पा, तेलकट हात अंगापासून दूर धरून. सगळं ऐकून आई ताठ झाली.

"काही तरी गैरसमज होतोय. थांबा, तिच्या वह्याच दाखवते. तीन वर्षांत चूक म्हणून नाही!"

तिनं कपाटातून वह्यांची चळत आणून टेबलावर ठेवली. बाईंनी वरची उघडली आणि आईचं बोट धरून पानावरून फिरवलं. लहान मुलाला अक्षर गिरवायला लावावं तसं. बोट दुसऱ्या ओळीवर गेलं, तिसऱ्या. पान उलटलं. कोपऱ्यातल्या मांजरावर बोट थांबलं.

"हे माझं मांजर आहे," दारातून दादा म्हणाला. सगळी भावंडं तोवर दाराशी गोळा झाली होती. "आई, ते माझं मांजर! अगं मधले, माझी चूकसुद्धा जपून ठेवलीस होय?"

कुणी हसलं नाही. आई खुर्चीत बसली.

"मी दर रविवारी हिच्या वहीवर बरोबरच्या खुणा करत होते," ती म्हणाली. "कुणाला करत होते मी?"

"सात मुलं आहेत हो," बाई म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण त्यांनी फाईल मिटली नव्हती. "बाकी तिघांचं चांगलं आहे. फारच चांगलं आहे. पण कागदावर मला ही मागे आहे असंच लिहावं लागेल. आणि तसं लिहिलं तर पुढचं माझ्या हातात नाही."

पप्पांनी घसा साफ केला. "दुसरं काहीच लिहिता येत नाही का, बाई?"

बाईंनी पेनचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. गप्प्या टेबलाखालून येऊन मधलीच्या गुडघ्याला बिलगला होता. त्याचा श्वास तिला पायावर लागत होता.

"'तपासणी अपुरी' असं लिहिता येतं," शेवटी त्या म्हणाल्या. "एकदाच. जुळ्यांचीही मग आज घेत नाही, सगळं पुढच्या वेळी. सहा आठवड्यांनी मी पुन्हा येईन, त्यानंतर सवलत नाही. येताना सुटे कागद आणीन." मग मधलीकडे वळून, "भागाकार म्हणजे काय, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं. तुला अक्कल कमी आहे असं मला वाटत नाही. उलट भीतीच वाटते तुझ्या अकलेची."

त्या गेल्या. दोन पायऱ्या उतरल्याचा आवाज आला. पप्पा समोरच्या खोलीत गेले, पण यंत्र सुरू झालं नाही. ताईनं न सांगता शेंडेफळाला उचललं, दादानं जुळ्यांना बाहेर नेलं. छोटी ताई दाराशीच घुटमळली, "मी नीट शिकवायला हवं होतं गं," म्हणाली आणि तीही गेली.

टेबलाशी आई आणि मधली दोघीच उरल्या. असं कधी झालं होतं हे मधलीला आठवेना. आता आई रागवेल, तिला वाटलं. रागवावं असंही वाटलं. सहा आठवडे म्हणजे किती दिवस हे तिनं मनात मोजायला घेतलं. सहा सत्ते बेचाळीस. पाढे तिला येत होते. बेचाळीस सकाळी, आणि मग पुन्हा ते दार वाजणार.

आईनं वह्यांची चळत बाजूला सारली. तिचं बोट शिसानं करडं झालं होतं, ते तिनं पदराला पुसलं नाही.

"मला का नाही सांगितलंस?" तिनं विचारलं.

मधलीनं खांदे उडवले. उत्तर होतं, पण ते आईला लागलं असतं.

आईला ते कळलं असावं. स्वयंपाकघरात काही तरी उतू गेल्याचा वास आला, तरी ती उठली नाही.

"बरं," आई म्हणाली. "उद्यापासून आधी तू, मग बाकीचे. प्रार्थना झाली की अर्धा तास. माझ्याकडून आणखी काय हवं तुला? सांग."

मधलीनं नाक पुसलं. तिला बऱ्याच गोष्टी हव्या होत्या असं तिला वाटत होतं, पण विचारल्यावर एकच सापडली.

"मला एक नवी वही दे," ती म्हणाली. "आधी कुणीच न लिहिलेली."